बांधावरची हवा कोण मोजणार?

(विदर्भातील एका तालुक्याच्या गावी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



व्याख्यानमालेची पत्रिका हाती पडली तेव्हा आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहीजण थबकले असतील. ‘शेतातील फवारणीनंतर हवेत राहणाऱ्या कीटकनाशकाच्या अंशाचे मोजमाप’ हा विषय प्रयोगशाळेत शोभणारा, सभागृहात नव्हे, असे कोणालाही वाटेल. शिवाय बोलणारा माणूस कला शाखेचा पदवीधर, आयुष्यभर बातम्या लिहिणारा. त्याचा या विषयाशी काय संबंध, हा प्रश्न रास्त आहे. या विषयाकडे मला एका स्त्रीच्या प्रश्नाने आणले. तो प्रश्न आपल्यापुढे ठेवावा, एवढ्यासाठीच मी आज उभा आहे.

२०१७ साल. जुलै ते ऑक्टोबर या काळात यवतमाळ जिल्ह्यात काय घडले, हे या सभागृहाला सांगण्याची आवश्यकता नाही. त्या वर्षी कपाशी माणसाच्या खांद्यापर्यंत वाढली होती, गुलाबी बोंडअळीने धुमाकूळ घातला होता, आणि शेतकरी व शेतमजूर दिवसाचे आठ-आठ, दहा-दहा तास पाठीवर पंप घेऊन फवारणी करीत होते. वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, कित्येकांच्या दृष्टीवर परिणाम झाला. त्या दिवसांत वार्तांकनासाठी फिरताना एका गावी, एका ओसरीवर, एक मध्यमवयीन शेतमजूर स्त्री भेटली. चक्कर, मळमळ, धूसर दिसणे, तीच लक्षणे. ती मला म्हणाली, “भाऊ, म्या तं औषधाले हातबी नाई लावला. बाजूच्या वावरात निंदत होती. मंग मले काहून झालं?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. तिच्या अंगावर तुषार उडाले असतील, तिने दूषित पाणी प्यायले असेल, वाऱ्यावरून आलेले विष श्वासातून गेले असेल. कोणतीही एक शक्यता छातीठोकपणे सांगता येत नव्हती. कारण तिचे रक्त नंतरही तपासता आले असते, तिचे पातळ तपासता आले असते, विहिरीचे पाणी तपासता आले असते. पण त्या दुपारी त्या वावरावर जी हवा होती, ती केव्हाच निघून गेली होती. हवेचा पंचनामा मागाहून करता येत नाही. ती त्याच वेळी, त्याच बांधावर मोजावी लागते. आजच्या माझ्या प्रतिपादनाचे सार हेच आहे.

औषध नावाचे विष

आपल्या भाषेतील एका शब्दाकडे लक्ष वेधतो. शेतकरी कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो. ‘औषध मारायला चाललो’ असे तो सहजपणे सांगतो. पिकाच्या दृष्टीने ते औषध असेलही. पण शब्दाने मनाचा पहारा सैल होतो. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग विषाची तीव्रता सांगतो, हे आपल्याला ठाऊक असते. तो रंग कसा ठरतो हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार ही वर्गवारी दोन वाटांवरून होते: विष तोंडावाटे गेले तर किती मात्रेत मारक, आणि कातडीवाटे गेले तर किती मात्रेत मारक. श्वासाच्या वाटेने काय होते, याची माहिती नोंदणीच्या वेळी घेतली जाते. पण डब्यावरच्या रंगात ती उतरत नाही. म्हणजे ज्या खुणेवर निरक्षर मजूर विसंबतो, ती खूण श्वासाविषयी मौन बाळगते.

वाऱ्यावर काय घडते

फवारणीनंतर विष हवेत दोन प्रकारे येते. पहिला प्रकार डोळ्यांना दिसतो. नोझलमधून निघालेला प्रत्येक थेंब पानावर बसत नाही. शंभर मायक्रॉनचा, म्हणजे साधारण केसाच्या जाडीएवढा थेंब तीन मीटर उंचीवरून सुमारे दहा सेकंदांत खाली येतो. वीस मायक्रॉनच्या थेंबाला तेवढेच अंतर उतरायला सुमारे चार मिनिटे लागतात. ताशी पाच किलोमीटर, म्हणजे अगदी मंद वारा असला तरी चार मिनिटांत तो थेंब तीनशे मीटरहून दूर जाऊ शकतो. तीनशे मीटरवर काय असते? शेजाऱ्याचे वावर असते, पाणवठा असतो, अंगणवाडी असते. पंपाचा दाब जितका अधिक, तुषार जितके बारीक, तितका हा प्रवास लांबचा.

दुसरा प्रकार डोळ्यांना दिसत नाही आणि म्हणून अधिक फसवा आहे. पानावर व मातीवर बसलेले काही रसायन उन्हाने तापून वाफेच्या रूपाने पुन्हा हवेत उठते. फवारणी करणारा हातपाय धुऊन घरी गेलेला असतो, वास कमी झालेला असतो, आणि तरीही शिवारावरून विषाची वाफ उठत असते. काही रसायनांच्या बाबतीत पुढचे काही दिवस. संध्याकाळी वारा पडला आणि जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड झाली, की ही वाफ आणि बारीक तुषार वर न जाता जमिनीलगतच कोंडून राहतात. थंडीच्या दिवसांत चुलीचा धूर गावावर पसरून राहिलेला आपण पाहतो; प्रकार तोच, फक्त यात धूर दिसत नाही.

मोजमाप होते तरी कसे?

हे मोजता येते का, असा प्रश्न पडेल. निश्चितपणे येते, आणि त्याची पद्धत आपण समजतो तितकी अगम्य नाही. जमिनीपासून साधारण दीड मीटरवर, म्हणजे माणसाच्या नाकाच्या उंचीवर, काचेची एक बारीक नळी बसवतात. तिच्यात विशिष्ट राळेचे बारीक मणी भरलेले असतात. एक छोटा पंप त्या नळीतून हवा ओढतो. हवा पुढे निघून जाते, कीटकनाशक त्या मण्यांना चिकटून राहते. पंप मिनिटाला दोन लिटर हवा ओढत असेल, तर चोवीस तासांत २,८८० लिटर, म्हणजे तीन घनमीटरांपेक्षा थोडी कमी हवा त्यातून जाते. नंतर नळी बंद करून, उन्हापासून झाकून, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत नेतात. तेथे मण्यांवरचे रसायन द्रावकात उतरवून यंत्राने ओळखतात आणि मोजतात. समजा, नळीत २८८ नॅनोग्रॅम विष सापडले, तर त्या हवेत घनमीटरमागे १०० नॅनोग्रॅम विष होते, असा साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे. एक नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग.

यात शिस्त मात्र काटेकोर हवी. वारा ज्या बाजूने येतो तेथे एक नळी, वारा जिकडे जातो तिकडे दुसरी. फवारणीच्या आधी एक नमुना, फवारणी चालू असताना एक, आणि पुढचे दोन-तीन दिवस सलग. वाऱ्याची दिशा, वेग, तापमान यांची तासातासाची नोंद. शिवाय एक नळी अशी, की जी शेतावर नेली पण तिच्यातून हवा ओढली नाही. तिच्यात विष निघाले तर चूक आपल्या हाताळणीत आहे, हे समजते. ज्यांनी आयुष्यभर शाखेची उपस्थिती न चुकता नोंदवली, त्यांना नोंदींच्या शिस्तीचे महत्त्व मी काय सांगावे?

इतरांनी काय केले

अमेरिकेतील कॅलिफोर्निया हे राज्य फळबागांचे. तेथील लिंडसे या संत्र्यांच्या बागांनी वेढलेल्या छोट्या गावात २००४ पासून रहिवाशांनी एका स्वयंसेवी संस्थेच्या मदतीने अशीच साधी यंत्रे आपापल्या अंगणात बसवली. त्यांच्या नळ्यांत क्लोरपायरीफॉस सापडले. हे नाव आपल्या शेतकऱ्याच्याही चांगल्या परिचयाचे आहे. त्याआधी त्या लोकांच्या तक्रारीला ‘वास येतो म्हणून कुरकुर’ एवढेच मोल होते. आकडा हाती आला आणि कुरकुरीचा पुरावा झाला. २०११ पासून त्या राज्याच्या शासनानेच सॅलिनास, शाफ्टर आणि रिपन या तीन शेतीप्रधान गावांत हवेची नियमित मोजणी सुरू केली. २०२० अखेर त्या राज्यात क्लोरपायरीफॉसचा वापर जवळजवळ संपुष्टात आला. एकट्या लिंडसेच्या नळ्यांनी हे घडले असे मी म्हणणार नाही. पण त्या नळ्यांवाचून तेथील माणसांचे म्हणणे कोणी ऐकले नसते.

फ्रान्सने २०१८-१९ मध्ये वर्षभर देशात सुमारे ५० ठिकाणी हवेतील ७५ रसायनांचा शोध घेतला. त्यात लिंडेन बहुसंख्य नमुन्यांत आढळले. या लिंडेनचा शेतीतील वापर तेथे १९९८ सालीच थांबवलेला होता! वीस वर्षांपूर्वी बंद केलेले विष अजून वाऱ्यावर फिरते आहे, हे मोजल्यावाचून कोणाला समजले असते?

आणि मोजले नाही तर काय होते, याचे उदाहरण शोधायला परदेशी जाण्याचे कारण नाही. केरळच्या कासारगोड जिल्ह्यात शासकीय महामंडळाच्या काजूच्या मळ्यांवर सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फानची फवारणी झाली. मळ्यांच्या उतारांवर वस्त्या होत्या, ओढे होते. विकृत अवयवांनी जन्मणाऱ्या वासरांविषयी श्री पड्रे या पत्रकाराने १९८० च्या सुमारास लिहिले. गावातले डॉक्टर मोहन कुमार यांनी रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. तरी मुख्य तपासण्या झाल्या त्या २००१ च्या सुमारास, फवारणी थांबल्यावर. तेव्हा विष शोधावे लागले ते मुलांच्या रक्तात आणि ओढ्याच्या पाण्यात. ज्या वाऱ्याने ते वीस वर्षे वाहून आणले, तो वारा तपासायला मागे कोण जाणार? सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या मे महिन्यात देशभर एंडोसल्फानवर बंदी घातली आणि २०१७ च्या जानेवारीत पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. न्याय झाला, असे म्हणू या. पण एक पिढी खर्ची पडल्यानंतर.

आपण काय मोजतो?

आपल्या देशाला मोजणे जमत नाही, असे कोणी म्हणेल तर मी ते मान्य करणार नाही. २००३ साली महाराष्ट्राच्या द्राक्षांत मिथोमिलचे अंश सापडले म्हणून नेदरलँड्समध्ये आपला माल अडवला गेला. त्यानंतर आपण काय केले? अपेडाने द्राक्षांच्या तपासणीची देशव्यापी व्यवस्था उभारली, पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात संदर्भ प्रयोगशाळा उभी राहिली, २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ आले आणि प्रत्येक बागेचा हिशेब संगणकावर चढला. किलोभर द्राक्षात मिलीग्रॅमचा शंभरावा भाग एवढे विष असले तरी आज आपले शास्त्रज्ञ ते शोधून काढतात. ही अभिमानास्पद गोष्ट आहे.

त्याच २००३ साली शीतपेयांच्या बाटल्यांत कीटकनाशकांचे अंश आढळल्याचा गाजावाजा झाला आणि संसदेची संयुक्त समिती नेमली गेली. त्याही आधी, १९५८ साली केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या पिठाने शंभरहून अधिक बळी घेतले, आणि पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. २००५-०६ पासून केंद्राच्या योजनेत भाज्या, फळे, दूध, धान्य यांचे नमुने नियमितपणे तपासले जातात.

या सर्वांत एक सूत्र आपल्या ध्यानात आले असेल. युरोपातल्या ग्राहकाच्या ताटातले द्राक्ष आपण मोजतो. शहरातल्या ग्राहकाच्या हातातली बाटली मोजतो. मंडईतली भाजी मोजतो. पण ज्या बांधावर हे सारे पिकते तेथे श्वास घेणाऱ्या माणसाची हवा मोजण्याची नित्य व्यवस्था नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय हवा-गुणवत्ता मानकांत बारा घटक आहेत: गंधकाचा वायू आहे, शिसे आहे, ओझोन आहे, अमोनिया आहे, बेंझिन आहे, आर्सेनिक आहे. एकही कीटकनाशक नाही. २००६-०७ च्या हिवाळ्यात संशोधकांनी मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई आदी महानगरांत नमुने घेतले, तेव्हा हवेत डीडीटी आणि एचसीएच यांचे अंश मिळाले. पण असे अभ्यास येतात, नियतकालिकात छापले जातात आणि थांबतात. जी गोष्ट मानकात नाही, ती मोजण्याचे उत्तरदायित्व कोणावरच नसते.

मालाला ग्राहक आहे, म्हणून मालातले विष मोजले जाते. श्वासाला ग्राहक नाही. हे वाक्य कठोर वाटेल, पण पंडित दीनदयाळजींच्या अंत्योदयाचा उच्चार करणाऱ्या आपल्यासारख्यांना ते अधिक बोचले पाहिजे. रांगेतला शेवटचा माणूस तो, जो शेजारच्या वावरात निंदतो आहे आणि ज्याचे नाव फवारणी करणाऱ्यांच्या यादीतही नाही. पंचमहाभूतांत आपण वायूला देवता मानतो. त्या देवतेच्या पूजेत मोजमाप बसत नाही, असे कोणी समजू नये.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. पहिला असा, की उद्या हवेत विष सापडले तर दोष शेतकऱ्याच्या माथी येईल. आधीच कर्ज, पाऊस आणि बाजारभाव यांनी पिचलेल्या माणसाला आणखी एक आरोपी करायचे का? माझे उत्तर असे की, मोजमाप नसतानाच तो आरोपी होतो. २०१७ मध्ये ‘हातमोजे घातले नाहीत, तोंडाला फडके बांधले नाही’ असेच बोट त्याच्याकडे दाखवले गेले. विदर्भाच्या ऑक्टोबरच्या उकाड्यात रबरी पोशाख घालून दहा तास काम करून दाखवा, असे त्या बोट दाखवणाऱ्यांना कोणी म्हटले नाही. आकडे असतील तर प्रश्न उत्पादकाला, विक्रेत्याला, नोंदणी करणाऱ्या यंत्रणेलाही विचारता येईल. कोणते रसायन किती अंतरापर्यंत जाते, हे ठरले तर शाळेपासून किती दूर फवारावे, हेही ठरवता येईल.

दुसरा आक्षेप खर्चाचा. यंत्र स्वस्त असले तरी प्रयोगशाळेतील तपासणी स्वस्त नाही, हे खरे. पण सबंध देश मोजा, असे मी म्हणत नाही. कापूस, द्राक्ष, डाळिंब, संत्रा या पिकांच्या पट्ट्यांत हंगामातील ठरावीक आठवड्यांत मोजके बांध मोजले तरी चित्र स्पष्ट होईल. निर्यातीच्या द्राक्षासाठी ज्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, त्यांचे कौशल्य आपल्याच देशातले आहे. ते कपाशीच्या बांधापर्यंत आणायचे आहे, एवढेच. खऱ्या अर्थाने ही स्वदेशी आहे.

आणि हे आजच का? कारण फवारणीची रीतच बदलते आहे. डिसेंबर २०२१ मध्ये ड्रोन फवारणीची कार्यपद्धती केंद्राने ठरवली. २०२३ मध्ये १५ हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याची ‘नमो ड्रोन दीदी’ योजना आली. पाठीवरचा पंप उतरतो, मजूर विषापासून दूर उभा राहतो, हा मोठाच लाभ आहे आणि त्याचे मी मनापासून स्वागत करतो. पण ड्रोन एकरी थोडक्याच पाण्यात काम भागवतो. म्हणून द्रावण दाट असते, तुषार बारीक असतात आणि ते पिकाच्या वरून सुटतात. थेंबाच्या प्रवासाचा जो हिशेब मघाशी मांडला, तो येथे लागू पडतो. नवे तंत्र देशभर रुळण्याआधी त्याच्या बाजूची हवा मोजून घेणे, हा त्या तंत्राला विरोध नव्हे. ती त्याची काळजी आहे. कासारगोडला आकाशातून फवारताना ही काळजी कोणी घेतली नव्हती.

आपल्या हातातले काम

मित्रहो, शासनाकडे मागणी करणे हे एक काम झाले, आणि ते करावेच. राष्ट्रीय मानकांत निदान प्रमुख कीटकनाशकांचा विचार व्हावा, डब्यावरच्या खुणेत श्वासाचा धोका उतरावा, ही मागणी करायला हवी. पण आपण समाजाकडून सुरुवात करणारी माणसे आहोत. पर्यावरण हा ‘पंच परिवर्तना’तील एक विषय आपण स्वीकारला आहे, तो प्लॅस्टिकची पिशवी आणि वृक्षारोपण यांच्यापाशी थांबू नये.

प्रत्येक गावात एक वही ठेवता येईल. कोणत्या दिवशी, कोणत्या शिवारात, कोणते रसायन फवारले. वारा कोणत्या दिशेचा होता. त्या व पुढच्या दोन दिवसांत कोणाला मळमळ, चक्कर, डोळ्यांची आग झाली. पैसा लागत नाही, फक्त सातत्य लागते. शाळेलगतच्या शेतात फवारणी शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी व्हावी, शेजारच्या वावरातल्या बायांना आधी सांगितले जावे, वारा पडलेल्या सांजवेळी पंप बंद राहावा, हे ग्रामसभेत ठरवता येईल. आपल्यातले जे रसायनशास्त्राचे प्राध्यापक आहेत, त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन एका हंगामात एक बांध मोजावा. वही आणि नळी एकत्र आली, की पुरावा तयार होतो.

भोपाळच्या १९८४ च्या डिसेंबरातील ती रात्र आठवा. कीटकनाशक बनवणाऱ्या कारखान्यातून निघालेला वायू एका रात्रीत हजारो माणसे घेऊन गेला, म्हणून जगाला दिसला. शिवारावरची हवा एका रात्रीत असा संहार करीत नाही. ती थोडी थोडी, हंगामामागून हंगाम, एकेका माणसापाशी येते. म्हणून ती दिसत नाही. जे दिसत नाही ते मोजावेच लागते.

त्या ओसरीवरच्या बाईची पुन्हा भेट झाली नाही. ती बरी झाली असेल, दरवर्षी कोणाच्या तरी वावरात निंदायला जात असेल. तिचा प्रश्न अजून माझ्या वहीत आहे. पुढच्या हंगामात या तालुक्यातल्या एखाद्या गावातून कोणी मला कळवले, की अमुक दिवशी आम्ही बांधावर नळी लावली आणि हा आकडा आला, तर त्या प्रश्नाखाली पहिली ओळ लिहिता येईल.